मास्तरांचं सहावं कलम

दै महिन्याची पाच तारीख, साल तेराशे एकोणपन्नास फसली. इंग्रजी हिशेबाने एकोणीसशे एकोणचाळीसचा नोव्हेंबर. रक्कम रुपये पंचवीस, हाली शिक्का, म्हणजे निजामाचं चलन. जागा चिटगुप्प्यातलं माझं भुसार दुकान. हजर माणसं तीन: देणारे शरणप्पा मास्तर, घेणारा मी, आणि पोत्यावर बसून गूळ खाणारी माझी मुलगी गंगू.

ही रक्कम माझ्या हाती पडायला पाऊण तास लागला, कारण मास्तरांनी पैसे देण्याचाही पाठ घेतला.

"नागनाथअण्णा, फी म्हंजी काय, सांगा बघू?"

"पैसे."

"कशाचे?"

"मास्तर, गिऱ्हाईक उभं आहे."

"असू द्या. तुमाला पूर्वज्ञान आहे, येवढं ठरलं. ही झाली पहिली पायरी."

अशा पाच पायऱ्या होत्या. तरुणपणी गुलबर्ग्याला ट्रेनिंग घेताना त्यांना शिकवलं होतं की कोणताही पाठ पाच पायऱ्यांनी चढवावा: आधी प्रस्तावना, मग विषय, मग तुलना, मग नियम, शेवटी उपयोग. बाकीच्यांनी हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. मास्तरांनी आयुष्याला लावून घेतलं. वांगी आणायला गेले तरी ते वांगेवालीला आधी विचारायचे, "बाई, काल तुम्ही काय विकायला आणलं होतं?" ती म्हणायची, "वांगी." "आणि आज?" "वांगीच की!" मग मास्तर कालच्या आणि आजच्या वांग्यांची तुलना करायचे, त्यावरून नियम काढायचे, आणि उपयोगाच्या पायरीला पोचेपर्यंत चांगली वांगी दुसरे लोक घेऊन गेलेले असायचे. घरी अक्का किडकी वांगी निवडत म्हणायची, "आज बी पाची पायऱ्या चढून आलास व्हय?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नीलम्मा. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पुसून माहेरी परतली, त्याच सुमाराला आई गेली, आणि तान्हा शरणप्पा तिच्या पदरात आला. मास्तरांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायचे, "प्रस्तावना जमली न्हाई." घरात ही दोघंच.

मास्तर आमच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या शाळेत, शिकवायचे. ते एम.ए. होते. आमच्या गावात एम.ए. एकच, आणि त्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ. पण एम.ए.वर त्यांचं समाधान नव्हतं. हैदराबादेहून एक छापील कागद आला होता: एम.ए.च्या पुढे शिक्षणशास्त्राची आणखी एक मोठी पदवी निघाली आहे, आणि ती घेणाऱ्याने सात अटी पुऱ्या कराव्यात. गुलबर्ग्याच्या ट्रेनिंग शाळेत एक जागा वर्षाने रिकामी होणार होती, ती अशा पदवीवाल्यालाच मिळणार होती. जिथे आपण पाच पायऱ्या शिकलो तिथेच त्या शिकवायच्या, याहून मोठं सुख मास्तरांना ठाऊक नव्हतं.

कागद उर्दूत होता. मास्तरांनी त्याची मराठी नक्कल ठळक, वळणदार अक्षरात केली आणि घरात जात्यासमोरच्या भिंतीवर खळीने चिकटवली. अटींना ते कलमं म्हणत. तेव्हापासून त्यांचा दुसरा छंद सुरू झाला. कोणी काही सांगितलं की विचारायचे, "कलमात बसतं का?" मी एकदा माझ्या भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो. त्यांनी भिंतीकडे पाहून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "कुठल्याच कलमात बसंना. पण येतो."

पहिलं कलम एम.ए.च्या सनदेचं, दुसरं पाच वर्षं शिकवल्याच्या दाखल्याचं. ती जुळलेलीच होती. तिसरं, वरच्या साहेबांसमोर चाळीस पाठ. ते त्यांनी दिले. एका पाठात साहेबांना डुलकी लागली, तर मास्तरांनी तो पाठ धरायला नकार दिला आणि एक्केचाळिसावा दिला. मला हे पटलं. मी असतो तर तेच केलं असतं.

चौथं, तीन शाळा पाहून त्यांच्यावर अभिप्राय. मन्नाएखेळ्ळीची शाळा ठीक पार पडली. मंठाळला गेले तर तिथले मास्तर लग्नाला गेलेले, पोरं आवारात विटीदांडू खेळायलेली. शिकवणाराच नाही तर पाहायचं काय? मास्तरांनी पोरं आत बसवली, दिवसभर स्वतः शिकवलं, आणि संध्याकाळी वहीत अभिप्राय लिहिला: "शिक्षक उत्साही आहे. पण बोलतो फार."

पाचवं, शंभर पानांचा निबंध, दोन प्रती. विषय त्यांनी घेतला, मुलं शाळेत उशिरा का येतात. त्यासाठी ते सहा महिने सकाळी शाळेच्या फाटकात वही घेऊन उभे राहिले. म्हैस व्याली, पायात काटा गेला, आजीने उठवलं नाही, अशी दोनशे चौदा कारणं जमली. दोनशे पंधरावं कारण असं निघालं की फाटकात मास्तर कारणं विचारतात म्हणून वर्गात जायला उशीर होतो. तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

सहावं, एका निरक्षर विद्यार्थ्याला वर्षभर घरी शिकवून दर आठवड्याची नोंद ठेवणे. सातवं, फी. हातात पैसे राहिले तर पुस्तकांत जातील म्हणून ती त्यांनी माझ्याकडे ठेवली होती.

वर्ष सरलं. कागद पाठवायची मुदत चार दिवसांवर आली, तेव्हा मास्तरांनी मला पानं मोजायला बोलावलं. मोजणं माझ्याशिवाय कोणावर सोपवत नसत. दुपारची वेळ. मी आणि मास्तर चटईवर, अक्का जात्यावर. निबंधाची पहिली प्रत शंभर, दुसरी शंभर. मी सहाव्या कलमाची वही उघडणार तोच जातं थांबलं.

अक्का भिंतीकडे मान पुढे करून, डोळे बारीक करून, एक एक अक्षर दाबून वाचायली होती. "वि-द्या-र्थी... चौ-दा... वर्-षां-च्या... आ-त-ला... अ-सा-वा."

अक्काला वाचता येतं हे मला नवीन होतं. सहाव्या कलमाखाली बारीक अक्षरात अशी एक ओळ आहे, हेही नवीन होतं.

"शरण्या," अक्का म्हणाली, "माझं वय काय रं?"

मास्तर कागदांच्या कडा जुळवत बसले.

"सांग की."

"अठ्ठावन्न."

"मग मी कलमात बसती का?"

"न्हाई, अक्का."

मी वही उघडली. पहिल्या पानावर होतं: नाव नीलम्मा, वय ५८. पुढे बावन्न आठवडे. आठवडा चौथा: 'क' येतो, 'ख' काढायला सांगितला की विद्यार्थिनी रागावते. आठवडा अकरावा: जेवलास का, असं विचारून विद्यार्थिनीने पाठ मोडला. आठवडा तेविसावा: सुगीचे दिवस, विद्यार्थिनी हजर, शिक्षक झोपला. पालकाच्या शेऱ्याचा रकाना सगळीकडे कोरा.

"वरीस घालवलंस!" अक्का जात्याचा खुंटा सोडून उठली. पीठ सांडलं. "माझ्यापायी? गल्लीत येवढी पोरं हिंडायल्यात, त्यातलं एक धरायचं! कामून केलास असं?"

मी आयुष्यात एक आकडा फिरवलेला नाही. माझ्या दुकानाच्या वहीत खाडाखोड सापडणार नाही. पण त्या दुपारी मीच बोललो, "मास्तर, यातला पाच खोडा. आठ राहतील. हैदराबादेहून कोण बघायला येतंय?"

मास्तर माझ्याकडे बघून हसले. "अण्णा, अक्का आठ वर्षांची धरली तर मला कडेवर घेऊन शाळेत कोण न्यायचं?"

ते खरं होतं. जुनी माणसं सांगतात, गावाबाहेरच्या ओढ्यातून अक्का त्यांना कडेवर न्यायची आणि शाळा सुटेपर्यंत चिंचेखाली बसून राहायची. आत मुलं पाढे म्हणायची, ते तिला बाहेर पाठ व्हायचे. तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी तिला तोंडपाठ. माझा हिशेब तिने दोनदा तोंडी दुरुस्त केला आहे. पण अक्षरं खिडकीतून बाहेर ऐकू येत नाहीत.

"कलम वाचलं," मास्तर म्हणाले, "तवा निरक्षर म्हणून पहिलं तोंड तुझंच दिसलं. त्याच सांजंला पाटी काढली. खालची बारीक ओळ दुसऱ्या दिवशी नक्कल करताना वाचली. तवर तू 'अ' काढून बसली व्हतीस. पाटी पुसू न्हाई दिलीस मला. मग थांब म्हणून कसं सांगू?"

बारा वर्षांत मास्तरांना मी पहिल्यांदाच प्रस्तावनेशिवाय बोलताना ऐकलं.

अक्का खाली बसून सांडलेलं पीठ गोळा करायला लागली. मग म्हणाली, "अक्षर लई बारीक लिवतोस. डोळे दुखायल्यात."

त्या साली कागद गेले नाहीत. गुलबर्ग्याची जागा दुसऱ्याला मिळाली. मास्तर पंधरा दिवस वांगी मुकाट्याने आणत होते, आणि चांगली आणत होते, म्हणून अक्का काळजीत पडली. मग एका सकाळी ती माझ्या दुकानात आली आणि पोत्यावरच्या गंगूला म्हणाली, "पोरी, तुझं वय काय?"

"आठ."

"अक्षर येतंय?"

"न्हाई."

"बसती, बसती," अक्का मला म्हणाली. "कलमात बसती."

ट्रेनिंग शाळेत आणखी एक जागा पुढच्या वर्षी निघणार असल्याचं तिनेच आमच्या शाळेच्या चपराशाकडून काढून आणलं होतं. गंगू वर्षभर मास्तरांच्या घरी गेली. शिकवायचे मास्तर, पण पाटीवर चूक झाली की आधी अक्काचं बोट पडायचं. पालकाच्या शेऱ्याचा रकाना मी बावन्न वेळा भरला, एकदाही उशीर केला नाही.

पुढच्या साली पाकीट बांधायच्या आधी मी सवयीप्रमाणे आतले कागद पुन्हा मोजले. एक जास्त निघाला. वहीतून फाडलेलं अर्धं पान, मोठी, उताराला लागलेली अक्षरं:

"सायब, पोरगं गुणी हाये. बोलतंय लई, पर मनाचं साफ हाये. संबाळून घ्या. नीलम्मा."

पोरगं तेव्हा बेचाळीस वर्षांचं होतं. सातांपैकी एकाही कलमात चिठ्ठीची तरतूद नव्हती. मी कागदांची संख्या एकाने वाढवून लिहिली आणि पाकिटाला लाख लावली.

रकमेचं असं झालं. माझ्याकडच्या पंचविसांतून पावणेसात रुपये मागच्या सालीच बिदरच्या चष्मेवाल्याला दिले होते, अक्काच्या चष्म्याचे. राहिले सव्वाअठरा. कचेरीच्या खजिन्यात फी भरायला निघालो तेव्हा अक्काने पदराची गाठ सोडून पावणेसात रुपये माझ्या हातावर मोजले, आधी पाचाची नोट चष्म्याजवळ नेऊन, तिच्यावरची मराठी अक्षरं वाचून, मग वरचे पावणेदोन. पंचवीस पुरे झाले, ते भरले, पावती घेतली.