उघड्या दारांचा माणूस

कुलूपसाहेब आंघोळ करून बाहेर आले, तेव्हा टेबलावरचा लॅपटॉप बॅगेसकट गायब होता. दुसऱ्या कुणी आधी पलंगाखाली पाहिलं असतं. साहेब मात्र ओल्या पायांनी थेट दाराकडे धावले. दार घट्ट लागलेलं होतं आणि कुलूप जिथल्या तिथे बसलेलं होतं. दार मोडलेलं असतं, तर त्यांना एवढं वाईट वाटलं नसतं.

कारण ते कुलूप त्यांचंच होतं. हॉटेलांच्या खोल्यांना कार्डाने उघडणारी कुलपं बसवणाऱ्या कंपनीत साहेबांनी अकरा वर्षं काढली होती, आणि या हॉटेलातली ऐंशीच्या ऐंशी दारं त्यांच्याच शब्दावर या कुलपांनी सजली होती. त्याच दिवशी दुपारी चार वाजता, खालच्या हॉलमध्ये चाळीस हॉटेलमालकांपुढे उभं राहून त्यांना सांगायचं होतं, की हे कुलूप आजवर परक्या माणसाला उघडलेलं नाही. ही ऑर्डर हातची गेली तर परत येण्याची घाई करू नका, असं कंपनीच्या मालकांनी गोड शब्दांत कळवलं होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शाळेला सुट्टी म्हणून साहेबांच्या पत्नी, बाईसाहेबही या दौऱ्यावर आल्या होत्या आणि जेवणानंतर फेरफटका मारायला गेल्या होत्या. त्या शाळेत खेळ शिकवत. चोरी कळल्यावर त्यांनी मॅनेजरला बोलवायचं म्हटलं.

"मॅनेजरला? अगं, या खोलीत चोरी झाली हे या खोलीबाहेर गेलं, तर मी संपलो," साहेब म्हणाले. "याला दुसरी एकोणऐंशी दारं दिसली नाहीत? माझ्याच दाराशी येऊन माझंच नाक कापायचं? काय रीत झाली ही?"

बाईसाहेबांनी मोबाइल काढला. नवरा चष्म्यापासून छत्रीपर्यंत सगळं विसरतो, म्हणून त्यांनी लॅपटॉपच्या बॅगेत बटणाएवढा ट्रॅकर शिवून टाकला होता. नकाशावर एक निळा ठिपका निवांतपणे चालला होता. दोन रस्ते पलीकडे.

दोघं निघाली. बाई पुढे, साहेब हॉटेलच्या स्लिपरमध्येच मागे. त्यांची वाटभर बडबड चालू होती. चोरावर राग, त्याच्या आईबापांवर राग, कडेला नीट फूटपाथ न बांधणाऱ्या गावावर राग. ठिपका चौकात थांबला तसे साहेब आणखी भडकले. चोरून आणलेला माल घेऊन माणूस चौकात थांबतो म्हणजे त्याला काही भीती नाही, म्हणजे त्याला आपली किंमत नाही, असा त्यांचा हिशेब. मग ठिपका एका गाळ्यांच्या रांगेत शिरला आणि हलेनासा झाला.

त्या रांगेत औषधांचं दुकान होतं, दाताचा दवाखाना होता, सलून होतं. बाईंनी मोबाइलवरचं ट्रॅकर वाजवायचं बटण दाबलं. सलूनमधून किरकिर ऐकू आली.

आत एकच गिऱ्हाईक होतं. चाळिशीतला, किडकिडीत. मांडीवर बॅग, तोंडाला साबण आणि गळ्यावर न्हाव्याचा वस्तरा. बॅग वाजत होती आणि त्याला मान वळवून बघताही येत नव्हतं.

"हलू नका," न्हावी म्हणाला. तो त्याला म्हणाला की साहेबांना, कळलं नाही, पण तिघंही हलायची थांबली.

साहेब बाजूच्या खुर्चीत बसले. वाटभर त्यांनी चोराला सुनवायला दहा-बारा जहाल वाक्यं तयार केली होती. पण तोंडातून निघालं एवढंच, "कुलूप कसं उघडलंस?"

"मी कशाला उघडू? दार उघडंच होतं."

"खोटं बोलतोस. ते दार आपोआप लागतं."

"लागतं ना. पण फटीत कागद घातला होता कुणीतरी. चांगला जाड, चार घड्या घालून. त्यावर कुलपाचं चित्र होतं."

साहेबांनी सावकाश बायकोकडे पाहिलं. बाईसाहेब भिंतीवरचे केसांचे नमुने बघण्यात गढून गेल्या होत्या. मग म्हणाल्या, "एकच कार्ड दिलंय आपल्याला. ते भिंतीतल्या खाचेत ठेवलं तरच दिवे लागतात. ते मी नेलं असतं तर अंधारात आंघोळ केली असती का तुम्ही? आणि ठोठावलेलं तुम्हाला नळाच्या आवाजात ऐकू येत नाही. म्हणून तुमचं ते माहितीपत्रक लावलं दारात."

"आणि मी आलो तेव्हा दार बंद कसं?"

"मी लावून घेतलं," चोर म्हणाला. त्याच्या आवाजात आता दुखावल्याची छटा होती. "आत माणूस आंघोळ करतोय आणि दार सताड उघडं टाकून जायचं? बरं दिसतं का ते?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुलूप निर्दोष होतं. एवढ्यावर ते थांबले असते तर दिवस गोड झाला असता. पण अकरा वर्षं ज्याची ग्वाही दिली, ते कुलूप एखाद्या जाणकार माणसाने खरंच पारखलंय का, हा किडा त्यांच्या डोक्यात वळवळला. जाणकार माणूस शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

दाढी होईपर्यंत त्यांनी त्याला विनवलं. चोर म्हणाला, मी त्यातला नाही, मी उघड्या दारांचा माणूस आहे. कुलपं फोडणारी जात वेगळी, त्यांच्याशी आमचा संबंध नाही. पण बाईसाहेबांनी शाळेतल्या सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातातून सुटणं अवघड आहे हे त्याला लगेच समजलं.

"उघडलं तर?" त्याने विचारलं.

"तर तू मोकळा," साहेब म्हणाले.

"आणि नाही उघडलं तर?"

"तर तुझे उपकार."

परीक्षा अगदी मघासारखी व्हायला हवी, असा साहेबांचा हट्ट. म्हणून खोलीवर परतल्यावर बॅग टेबलावर ठेवली, कार्ड खाचेत ठेवलं, तिघं बाहेर आली आणि साहेबांनी स्वतः दार ओढून घेतलं. चोराने पट्टी सरकवून पाहिली, बाईंच्या केसांतला आकडा वापरून पाहिला, कान लावला, शेवटी खांदा लावला. अर्ध्या तासाने तो घाम पुसत म्हणाला, "नाही बुवा. पक्कं आहे."

साहेबांनी त्याला मिठी मारली. ती सोडता सोडता त्यांच्या ध्यानात आलं, की साडेतीन वाजलेत, आणि लॅपटॉप, कार्ड आणि बूट दाराच्या पलीकडे आहेत.

खाली मॅनेजरकडे जादा कार्ड होतं. मॅनेजर तरुण आणि नियमाला धरून चालणारा. ओळखपत्राशिवाय जादा कार्ड द्यायचं नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. दोघांची ओळखपत्रं बॅगेत होती.

"अरे, तू मला ओळखत नाहीस? वर्षापूर्वी तुला मीच शिकवलंय."

"ओळखतो ना सर. तुम्हीच शिकवलंत, समोर सख्खा भाऊ उभा असला तरी ओळखपत्र बघायचं. नियमावलीत तुमचीच सही आहे."

साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. तेवढ्यात चार वाजले.

भाषण लॅपटॉपमध्ये, दारापलीकडे होतं, म्हणून साहेबांनी स्लिपर घातलेल्या पायांनी चाळीस हॉटेलमालकांना जिन्याने वर नेलं. माझं सगळं या दाराआड आहे, ज्यांना उघडता येईल त्यांनी उघडावं, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा खरा संताप होता, की मालक मंडळी भारावली. पाच-सहा जणांनी हँडलशी झटापट केली. दार ढिम्म.

मग सगळ्यात वयस्कर मालकाने कोपऱ्यात उभ्या असलेल्या, गुळगुळीत दाढीच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि हे कोण, असं विचारलं.

"हे दारं तपासतात," बाईसाहेब म्हणाल्या.

"मग यांचं मत सांगा."

चोर पुढे आला. एवढी माणसं आपलं ऐकायला थांबलेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. "कुलूप एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण त्याचा उपयोग नाही. माणसं दारात कागद लावतात, चप्पल लावतात. पोरं खुर्ची लावतात. तुमच्या कुठल्याही हॉटेलात दहा दारं ढकला, एक उघडं मिळतं. त्यासाठी कुलूप कशाला बदलायचं? एक माणूस फिरता ठेवा."

अनुभवाचे बोल होते, आणि ते प्रत्येकाला पटले. मालकांनी खिशात हात घातले, नाव-पत्ता असलेली कार्डं बाहेर आली आणि चोराच्या हातात जमू लागली. सोमवारपासून या, आमच्याकडे आधी या, सगळे मजले बघून जा.

साहेब बंद दाराला पाठ लावून खाली बसले. मंडळी चहाला उतरली तेव्हा चोर त्यांच्यापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. मला एक मदतनीस लागेल."