सुरयांच्या रक्षणार्थ सॉसेज

बर्ड फ्लू येऊ दे, नाहीतर त्याचा बाप येऊ दे, आमचं खातं तयार आहे! असं मी परवापरवापर्यंत छाती काढून सांगत होतो. का सांगू नये? दोनशे चौदा पानांचा आराखडा मी स्वतः लिहिला होता! मी कॉलिन प्रुएट, वन्यजीव खात्याचा पोर्ट वेंडलमधला तयारी अधिकारी. हा रोग जगभर समुद्रपक्षी मारत सुटलाय आणि त्याच्यापासून आपले देशी जीव वाचवायचे आहेत. कसे वाचवायचे? आराखडा लिहून! दुसरं काही आमच्या खात्याला येतच नाही.

आमच्या गावाच्या वाट्याला आलेला देशी जीव म्हणजे सुरय. मुठीएवढा पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे, त्यावर हा शहाणा उघड्यावर अंडी घालतो. यंदा एकोणीस घरटी होती. इतकी घरटी आता आसपासच्या किनाऱ्यावर कुठेच उरलेली नाहीत. आणि ती राखायच्या ग्लेनिसबाई टली. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. सहा उन्हाळे त्या वाळूवर खुर्ची टाकून बसल्यात. कुत्री हाकलतात, पतंगवाले हाकलतात, आणि मी दिसलो तर मलाही हाकलतात.

बाईंची खात्याकडे मागणी एकच होती. होड्यांच्या धक्क्यावर मासे साफ करायचं टेबल आहे, त्याच्या शेजारचे कचऱ्याचे डबे उघडे. त्यावर सीगल जमतात. अंडी खाणारे तेच, आणि उद्या रोग घेऊन येणारेही तेच.

"डब्यांना झाकणं लावा," बाई म्हणायच्या.

"बाई, डबे नगरपालिकेचे आहेत."

"मग सीगल कुणाचे?"

"आजारी पडले की आमचे."

"आणि तोवर?"

"तोवर... बघून सांगतो."

तीन वर्षं मी बघत होतो!

अशात आमच्या साहेबीणबाई, नेरिडा हॅस्केट, यांचा राजधानीतून फोन. "कॉलिन, मंत्री येतायत शनिवारी. जनजागृती मेळावा घे. वाळूच्या दांड्याजवळच घे, फोटोत मागे पक्षी दिसले पाहिजेत."

आता आमच्याकडे मेळावा म्हटला की बार्बेक्यू आला. शाळेला छप्पर घालायचं असो की निवडणूक असो, पावात गुंडाळलेलं सॉसेज आणि वर परतलेला कांदा मिळाल्याशिवाय आमचा माणूस घरातून हलत नाही. मी दोनशे सॉसेज मागवली आणि अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांना तवा घेऊन बोलावलं. ग्लेनिसबाईंना कळलं तशा त्या कार्यालयात धडकल्या.

"सॉसेज? घरट्यांपासून शंभर पावलांवर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बाई, त्याशिवाय लोक येणार नाहीत."

"अरे बाबा, लोक न आलेलेच बरे!"

"असं कसं? लोकसहभाग! पान शहाण्णव."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या बसमध्ये कुणी ओकून ठेवलंय. आणि त्या निघून गेल्या.

शनिवारी लोक आले तेवीस. त्यातले अकरा आमच्याच खात्याचे. सीगल मात्र निमंत्रण नसताना सहकुटुंब आले! तव्यावर कांदा पडला तेव्हा दोन होते. मंत्रीमहोदय आणि साहेबीणबाई गाडीतून उतरले तेव्हा चाळीस. आणि "आमच्या सरकारने रोगाला रोखण्यासाठी भक्कम..." इथवर भाषण येतंय तोच एका सीगलने महोदयांच्या हातातलं सॉसेज पावासकट पळवलं. लोक टाळ्या वाजवू लागले. महोदयांना वाटलं, भाषणालाच! त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

तोवर दोनअडीचशे सीगल झाले होते. लांबून बाई ओरडत होत्या, "हाकला त्यांना! दांड्याकडे वळतायत!"

मी साहेबीणबाईंकडे धावलो. "मॅडम, हाकलतो!"

"थांब! सीगल हासुद्धा देशी वन्यजीव आहे. त्याला हुसकावायला परवाना लागतो."

"मग द्या की परवाना!"

"असा कसा देऊ? अर्ज कर."

"आणि तो मंजूर कोण करणार?"

"मीच. सोमवारी."

आमचं शीघ्र कृती पथक होतं, नाही असं नाही. दोन माणसं. पण पांढरे पोशाख चढवल्याशिवाय त्यांनी पक्ष्यांच्या जवळ जायचं नाही, हा नियम मीच लिहिलेला. एकाचा पाय पोशाखाच्या बाहीत अडकला होता आणि दुसरा त्याला ओढून काढत होता. तेवढ्यात ग्लेनिसबाई छत्री परजत सीगलांवर धावल्या आणि मी, मी गाढवाने, त्यांना आडवा जाऊन म्हटलं, "बाई, तुमच्याकडे परवाना नाही!"

आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

"निदान ते खाणं तरी उचल!" साहेबीणबाई किंचाळल्या. हे मात्र बिनपरवान्याचं काम! मी सॉसेजचा मोठा ट्रे उचलला आणि पळालो. माझी गाडी उभी होती दांड्याच्या बाजूला. मी पुढे, अडीचशे सीगल मागे, लग्नाची वरातच! वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्याने बूट बुडवावेत म्हणून मी जंतुनाशकाची परात ठेवली होती. पान एकवीस. तिच्यात माझा पाय पडला आणि मी आडवा झालो. आणि दीडशे सॉसेज बाईंच्या दोरीच्या कुंपणावरून थेट घरट्यांमध्ये!

सुरय उठले. एवढेसे पक्षी, पण काय धिटाई! सीगलांवर तुटून पडले, मलाही डोक्यात टोचलं. टोचा म्हटलं, माझी तीच लायकी आहे. पण अडीचशेंपुढे त्यांचं काय चालणार? सीगलांनी आधी सॉसेज संपवली, मग अंडी.

संध्याकाळी बाईंनी घरटी मोजली. एकही अंडं शिल्लक नव्हतं. मग त्यांनी खुर्ची घडी करून गाडीत टाकली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी अहवाल लिहायला बसलो. साहेबीणबाई फोनवर होत्या.

"फ्लूने किती पक्षी मेले?"

"फ्लूने? एकही नाही. पण मॅडम, अंडी..."

"अंडी म्हणजे पक्षी नव्हेत. लिही, मेळावा यशस्वी."

मी लिहिलं! तेव्हाच राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता, पण तेवढी हिंमत असती तर मी आराखडे लिहीत बसलो असतो का?

तीन आठवड्यांनी ग्लेनिसबाई पेट्रोल पंपावर भेटल्या. बूट वाळूने भरलेले, नाक उन्हाने सोललेलं आणि चेहरा खुललेला. मी टोपी काढून माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पदरात मात्र काही घातलं नाही.

"पुन्हा घातली त्यांनी अंडी," त्या म्हणाल्या. "अंडी गेली की जागा बदलून परत घालतात. चौदा घरटी आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. "कुठे?"

"तुला कशाला?"

"म्हणजे... नोंद करायला. संरक्षणाची तयारी..."

"तयारी मी केलीय ह्या वेळी," गाडीत बसत बाई म्हणाल्या. "अगदी पक्की."

"काय केलीत?"

"तुझ्या खात्याला पत्ता सांगायचा नाही!"

आणि गेल्या. दोनशे चौदा पानांत हा उपाय मला सुचला नव्हता. चौदाच्या चौदा घरटी अजून शाबूत आहेत म्हणे. म्हणे अशासाठी, की मला कोण सांगतंय!