कार्यालयीन छिद्र

रेवतीच्या शाळेला यंदा अचूकतेचं उद्दिष्ट मिळालं. ऐंशी टक्के, मार्चअखेर.

योजनेचं नाव 'अचूक बालक अभियान'. त्यासाठी बुलढाण्याला 'अचूकता संवर्धन कक्ष' उघडला गेला आणि आमच्या नांदुऱ्याच्या शाळेला कक्षाकडून छर्ऱ्याची एक रायफल, एक लोखंडी पेटी आणि सव्वीस पानांचं परिपत्रक आलं. छर्रे आले नाहीत. छर्रे प्राप्त होईपर्यंत शाळांनी अचूकतेत खंड पडू देऊ नये, असं परिपत्रकाच्या एकोणिसाव्या पानावर होतं.

मी बी.एस्सी. आहे आणि एकुलत्या एका मुलीची, रेवतीची, आई आहे. म्हणजे कोणताही कागद मी दोनदा वाचते आणि तीनदा घाबरते. सातवीतल्या पोरीच्या हातात बंदूक! हमीपत्रावर सही करण्याआधी मी उद्धव सरांना अकरा प्रश्न लिहून दिले. नळी कोणाकडे असते, छर्रा उलटून येतो का, भिंतीमागे कोण राहतं, वगैरे. सर चित्रकला शिकवतात. पण कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी नेमबाजी केली होती, त्यामुळे अभियान त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी अकराही उत्तरं सुवाच्य अक्षरात दिली आणि खाली लिहिलं, 'ताई, खिडकीतून बघायला हरकत नाही. फक्त मुलगी नेम धरत असताना "जपून गं" म्हणू नका.'

सासूबाईंना, म्हणजे मनकर्णाबाईंना, या सगळ्याचं नवल वाटेना.

"जत्रंत फुगे फोडाले काय शाळा लागते?" त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं एका दमात बारा फोडले होते."

"मग?"

"मंग काय? फुगेवाल्यानं बंदूक काढून घेतली अन् म्हने, दुसरीकडं जा."

मी तेव्हा हसले होते.

छर्रे नव्हते म्हणून सरांनी मुलांना दीड महिना रिकाम्या रायफलीवर शिकवलं. कक्षाच्या हातून अजाणता झालेलं हे एकमेव चांगलं काम. पाय कसे रोवायचे, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, गाल रायफलीच्या लाकडी दस्त्याला दर वेळी त्याच जागी कसा लागला पाहिजे. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि तिथंच थांबायचं. घोडा ओढायचा नाही, बोटाच्या पेराने हळूहळू दाबत जायचं, इतकं की तो कधी सुटला ते आपलं आपल्यालाही कळू नये. आणि सुटल्यावरही हलायचं नाही. "छर्रा गेला तरी तुम्ही तिथंच राहा," सर म्हणायचे. "घाई करणाऱ्याचा नेम सुटायच्या आधीच सुटलेला असतो."

नळीवर ते एक रुपयाचं नाणं ठेवत. घोडा दाबल्यावर नाणं पडलं नाही, तर जमलं. रेवती घरी फरशी पुसायच्या दांड्यावर नाणं ठेवून अर्धा अर्धा तास उभी राहायची. मी भाजी चिरता चिरता नाण्याकडे बघत बसायची आणि माझंच बोट कापायचं.

मग छर्रे आले. प्रत्येकी आठवड्याला दहा आणि एक कार्ड. पहिल्या कार्डावर तिला कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या महिन्यात सगळी छिद्रं मुठीएवढ्या जागेत आली, मग लिंबाएवढ्या. तालुक्यातून एक मुलगी अमरावतीच्या विभागीय स्पर्धेला जाणार होती. रेवतीनं कपाटाच्या दारावर खडूनं 'अमरावती' लिहिलं, त्याभोवती कार्डासारखे दहा गोल काढले आणि आजीला बजावलं, "हे पुसायचं नाही."

तिच्या बाकावरच्या काजलचे छर्रे मात्र कार्डभर मोकळे हिंडत. एकदा एक छर्रा कार्ड लावायच्या चौकटीच्या लाकडात सापडला. काजलला त्याचं काही नव्हतं. ती पाणीपुरीसाठी जगायची.

कार्डं तपासणीला बुलढाण्याच्या कक्षात जात; तिथून पहिलं पत्र आलं ते लिंबाच्या काळात. 'सदर विद्यार्थिनीस दहा छर्रे वितरित असताना कार्डावर अकरा छिद्रे आढळून येतात. अकरावा छर्रा कोठून प्राप्त झाला, तसेच तो लक्ष्याबाहेर समासात का मारण्यात आला, याचा खुलासा करावा.'

अकरावा छर्रा! रेवतीचं दप्तर उलटं केलं, खिसे चाचपले, गादी झटकली. शेवटी उद्धव सर आणि मी बुलढाण्याची एस.टी. धरली.

कक्षात पुंजाजी भाऊ नावाचे लिपिक होते. त्यांच्यासमोर जिल्ह्यातल्या कार्डांचा ढीग, आणि ढिगावर एक काळं, एका दाताचं पंचिंग मशीन. आमच्यादेखत त्यांनी एक कार्ड उचललं, समासात पंच केलं, टॅगमध्ये ओवलं आणि मग छिद्रं मोजायला घेतली.

"भाऊ," मी म्हटलं, "अकरावं छिद्र तुम्हीच पाडलं ना आत्ता!"

"हाव. मीच पाडलं."

"मग खुलासा आम्हाला कशाला मागता?"

"बाई, मी पाडलं हे मले माहीत हाय. फायलीले कुठं माहीत हाय?" त्यांनी तक्ता उलटा करून दाखवला. "हे पहा, रकाना एकच हाय. 'कार्डावरील छिद्रे.' कोनाचं छिद्र, असा रकानाच नाही."

"आधी मोजा, मग पंच करा," सर म्हणाले.

"सुटे कागद मोजाचे नाहीत असं हाय, सर. उडून जातात."

जिल्ह्यात चार हजार कार्डं झाली होती. म्हणजे चार हजार छर्रे जादा उडाले होते आणि एकूण एक समासात लागले होते. जिल्ह्याच्या अचूकतेची अब्रू जायची वेळ आली होती. तेव्हा कक्षप्रमुख संजीवनी मॅडमनी, आम्ही तिथंच लिहून दिलेल्या अर्जाची गंभीर दखल घेऊन, सुधारित आदेश काढला. पंच बंद झाला नाही. पंचाची जागा बदलली. यापुढे कार्ड मधोमध दुमडून बरोबर केंद्रबिंदूत पंच करावा, जेणेकरून कार्यालयामार्फत होणारी चूक टळेल. आणि हे एक छिद्र 'कार्यालयीन छिद्र' समजून एकूण छिद्रांतून वजा करावं.

आता कक्षाचा नेम दर कार्डावर मधोमध लागू लागला. पण त्यामुळे मधल्या वर्तुळांतले आकडे गेले, सगळे पंचाच्या भोकातून. मग गुण कशावर द्यायचे? पुन्हा सुधारित आदेश आला. अचूकता म्हणजे वितरित छर्रे आणि प्राप्त छिद्रे यांचा मेळ. दहा दिले, दहा दिसले, शंभर टक्के.

काजलला शंभर टक्के पडले. चाळणीसारखं कार्ड होतं तिचं, प्रत्येक छिद्र वेगळं, मोजायला सुटसुटीत. पुंजाजी भाऊंनी म्हणे त्या कार्डावर पेन्सिलीनं 'उत्तम' लिहिलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात रेवतीचं जमलं. दहाही छर्रे एकाच ठिकाणी गेले. हरभऱ्याएवढं एक भोक, कडा जरा फाटलेल्या. सर किती तरी वेळ ते कार्ड उजेडाकडे धरून उभे होते. मग त्यांनी मागच्या बाजूला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "ताई, आज खिडकीतून काहीही बोललात तरी चालेल."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'कार्डावर एकूण एक छिद्र असून ते कार्यालयीन आहे. वजा जाता शून्य. दहा छर्रे नेमके कोठे आहेत, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. तोवर सदर विद्यार्थिनीचे नाव अमरावतीकरिता विचारात घेता येणार नाही.'

रेवती रडली नाही. तिनं विचारलं, "मले शून्य काऊन दिलं, आई?" मी बी.एस्सी. असून ते पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.

पुन्हा एस.टी. पुन्हा पुंजाजी भाऊ. मी पत्राला जोडून आलेलं कार्ड पुढे केलं.

"भाऊ, तिचे दहाही छर्रे मधोमध लागले होते. तुमच्या पंचानं ती जागाच उडवली."

"बाई, मी खोटं नाही म्हनून राह्यलो. पन जिथं कागदच नाही, तिथं छिद्र कसं दाखवू?"

"सरांनी मागे अठ्ठ्याण्णव लिहिलंय."

"हातानं लिहिलेलं चालत नाही. दुसरी पोरं पहा की, कशी ऐसपैस मारतात. तुमचीच काऊन एका भोकात घुसते?"

संजीवनी मॅडमनी आम्हाला आत बोलावलं, चहा सांगितला. मॅडम समजूतदार होत्या; तेच जास्त जड गेलं. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, मला मान्य आहे. पण अचूकता दिसायला नको का, ताई? सगळेच एका जागी गेले, तर पहिल्यानं काम केलं. बाकीच्या नऊंनी काय केलं?"

चहा निवला.

"मी स्वतः येते," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर फेरचाचणी घेऊ. दहा छर्रे, दहा छिद्रं, वेगवेगळी. लगेच अमरावतीला नाव पाठवते. माझा तुमच्या मुलीवर विश्वास आहे."

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. मोताळा गेल्यावर म्हणाले, "मी तिला चुकवायला शिकवणार नाही."

"चुकवायचं नाही हो, सर. थोडं पसरून मारायचं."

"एक सेंटिमीटर बाजूला नेमकं मारायचं, तर मधोमध मारण्यापेक्षा जास्त सराव लागतो."

"मग करू सराव."

नांदुऱ्याला उतरताना सरांची छत्री गाडीतच राहिली.

शिकवलं मीच. कपाटावरच्या 'अमरावती'खाली बसून मी एका कोऱ्या कार्डावर पेन्सिलीनं रांगोळीचे ठिपके काढले. गोलाकार, दहा. दोन ठिपक्यांत पुरेसं अंतर, पुंजाजी भाऊंना चष्म्याशिवाय मोजता येतील असं.

"मधातला ठिपका राहिला," रेवती म्हणाली.

"मधला सरकारचा आहे. तिथं मारायचं नाही."

"पन सरांनी तर मधातच मारायला शिकवलं."

"सरांचं बरोबर आहे, बाळा. पण तुला अमरावतीला जायचंय ना?"

तिनं दांडा उचलला, नाणं ठेवलं, श्वास अर्धा सोडला. नाणं पडलं नाही. शेजारी बसून शेंगा फोडणाऱ्या मनकर्णाबाई तेवढ्या म्हणाल्या, "आता ह्या पोरीले काय, फुगा न फोडाचं शिकवून राह्यली का तू?"

फेरचाचणीला मॅडम आल्या, पुंजाजी भाऊ कापडी पिशवीत पंच घेऊन आले. रेवतीनं दहा छर्रे मारले. प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती पूर्वी कार्डाकडे बघायची. त्या दिवशी ती खिडकीकडे बघत होती, माझ्याकडे. मी मान हलवायची, ती पुढचा छर्रा भरायची. कार्डावर दहा पाकळ्यांचं फूल उमटलं. पुंजाजी भाऊंनी कार्ड दुमडलं आणि मधोमध पंच करून फुलाला परागकोश दिला.

"अकरा वजा एक, दहा!" ते आनंदाने म्हणाले. "शंभर टक्के! हे अशी अचूकता पाह्यजे, बाई."

टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या. उद्धव सर रायफल पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

अमरावतीचा हॉल मोठा होता. पालकांसाठी बाकं होती, पंखे भरधाव सुटले होते, आणि एका टेबलाशी पांढऱ्या शर्टातले अर्जुनराव नावाचे वयस्कर पंच बसले होते. रेवतीचा नंबर आला. ती जागेवर गेली, पाय रोवले, कोपर टेकवलं आणि मग रायफल खाली करून परत माझ्यापाशी आली.

"आई, इथं मधात मारू का बाजूले?"

मी उत्तर देण्याआधी टेबलाकडे बघितलं. तुम्हीही आधी टेबलाकडेच बघितलं असतं. अर्जुनरावांच्या कोपराशी, कागदांच्या गठ्ठ्यावर, काळं, एका दाताचं पंचिंग मशीन होतं.

"बाजूला," मी म्हटलं. "जपून गं."

तिनं दहा पाकळ्यांचं फूल काढलं. आजवरचं सर्वांत सुंदर.

अर्जुनरावांनी पंचिंग मशीन उचलून बाजूला ठेवलं. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ते वर ठेवलेलं होतं, एवढंच. मग त्यांनी भिंग काढलं, एकेक छिद्र वर्तुळांवर ताडून पाहिलं, आणि रेवतीच्या नावापुढे शंभरपैकी चाळीस लिहिले. ती सर्वांत शेवटी आली.

पण ते कार्ड त्यांनी खाली ठेवलं नाही. भिंग पुन्हा लावलं. मग चष्मा काढून ते हॉलकडे वळले.

"दहाच्या दहा, मध्यापासून सारख्या अंतरावर," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे काम करतोय, असा हात पाहिला नाही. ही पोरगी चुकत नाहीये. हिला कोणीतरी चुकायला शिकवलंय. कोण आहे ते?"

रेवती माझ्याकडे बघत होती. श्वास अर्धा सोडून थांबलेली, नळीवरचं नाणं पडू नये तशी.

मी मागे वळून बघितलं. माझ्या मागच्या बाकावरची बाई आपल्या मागे वळून बघत होती. तिच्या मागचे गृहस्थ त्यांच्या मागे. अगदी शेवटच्या बाकापर्यंत सगळे मागे वळले होते, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या तुमच्या मागे भिंत होती.