भिकोबा भेकराची पोकळ नाकाची गोळी

एका जंगलात भिकोबा नावाचा भेकर राहत होता आणि त्याच्याकडे पिस्तूल होतं. हसू नका, बाळांनो. त्या जंगलात तेव्हा सगळ्यांकडेच होतं.

झालं असं, की पलीकडच्या डोंगरातून एक तरस उतरू लागला. दर आठवड्याला कुणीतरी नाहीसं व्हायचं. सिंह महाराजांनी खोल विचार केला. प्रजेचं रक्षण आपण करायचं म्हणजे दुपारची झोप मोडणार. म्हणून त्यांनी घरटी एक पिस्तूल वाटलं, साध्या गोळ्यांचं सरकारी कोठार उघडलं आणि फर्मान काढलं, की यापुढं ज्यानं त्यानं आपला जीव आपण सांभाळावा.

नाल्याकाठी गोदाक्का नावाची म्हातारी घोरपड राहायची. तरुणपणी ती महाराजांच्या पहाऱ्यावर होती. तिनं दगडांवर फुटकी मडकी मांडली आणि सगळ्यांना सांगावा धाडला, "रोज सकाळी या. वीस गोळ्या झाडा. दोन महिन्यांत हात बसेल."

पहिल्या दिवशी भिकोबा गेला. त्यानं डोळे मिटले आणि बार काढला. आवाजानं तो स्वतःच चार हात मागं उडाला. मडकं होतं तिथंच होतं.

शेजारी सखू सशीण उभी होती. तिचंही मडकं शाबूत होतं. ती म्हणाली, "हात थरथरतोय तुमचा, भिकोबा. माझाही थरथरतो. उद्या या परत."

भिकोबाला ते फार लागलं. भेकरानं सशिणीकडून थरथरण्याबद्दल ऐकून घ्यायचं? घरी येऊन त्यानं बायकोला, चंद्राला सांगितलं, "दोष गोळीत आहे."

जंगलात तेव्हा गोळ्यांचे एक मोठे जाणकार होते. नकुलशास्त्री मुंगूस. शास्त्रीबुवांनी तरस कधी पाहिला नव्हता, पण भोपळे चाळीस मारले होते, तेही हातभर अंतरावरून. रोज सकाळी ते जांभळीखाली बसत आणि फुटलेला भोपळा सगळ्यांना दाखवत.

"टोकदार गोळी आरपार निघून जाते," ते सांगत. "पोकळ नाकाची गोळी आत शिरते आणि फुलासारखी उमलते."

ऐकणारे माना डोलवत. महिनाभरात जंगलात दोन तट पडले, टोकदारवाले आणि पोकळवाले. त्यांच्यात पाण्यावर येणंजाणं बंद झालं. एका कोल्ह्याचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलीकडचे टोकदारवाले निघाले.

भिकोबा पक्का पोकळवाला झाला. गोळीचं वजन किती गुंजा, नाकाची खोली किती, सगळं त्याला तोंडपाठ. त्यानं लांबच्या बाजारातून सहा गोळ्या मागवल्या, त्या शेवरीच्या कापसात गुंडाळून ठेवल्या आणि पाहुणे आले की दाखवू लागला.

एकदा वाटेत गोदाक्का भेटली. "भिकोबा, हल्ली येत नाहीस तू?"

"आक्का, या गोळ्या मडक्यांवर वाया घालवायच्या नसतात."

"मग साध्या घेऊन ये."

"साध्या गोळीनं हात बिघडतो," भिकोबा समजुतीच्या सुरात म्हणाला. आक्का नाल्याकडं चालू लागली. मडक्यांशी आता एकटी सखूच येत होती.

आणि एका दुपारी चंद्रा पाडसाला घेऊन डोहावर गेली. भिकोबा मागून चालला होता. करवंदीच्या जाळीतून तरस बाहेर आला आणि पाडसाच्या वाटेत उभा राहिला.

भिकोबानं पिस्तूल काढलं. पहिली गोळी मोहाच्या बुंध्यात गेली. दुसरी डोहात. तिसरी आणि चौथी कुठं गेली ते अजून कुणाला सापडलेलं नाही. पाचवी तरसामागच्या वारुळात शिरली आणि वारूळ अगदी फुलासारखं उमललं. शास्त्रीबुवा खोटं बोलत नव्हते. सहावी झाडायला भिकोबाचं बोट वळेना.

तरस घाईत नव्हता. त्यानं पाडसाचा मागचा पाय तोंडात धरला. चंद्रा ओरडत होती.

पलीकडच्या काठावर सखू पाणी प्यायला आली होती. तिनं आपलं पिस्तूल उचललं. हात तिचाही थरथरत होता. तिनं एक श्वास घेतला, हळूच सोडला आणि दोन बार काढले. तरस जागीच कोसळला.

पाडसू वाचलं. पाय तेवढा कायमचा अधू झाला.

तासाभरात सगळं जंगल डोहावर जमलं. सगळ्यांनी सखूला एकच प्रश्न विचारला.

"सखूबाई, गोळी कुठली?"

"सरकारी कोठारातली. साधीच आहे," सखू म्हणाली. "पण मी दोन महिने रोज वीस—"

पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. सगळे कोठाराकडं धावले होते. नकुलशास्त्र्यांनी संध्याकाळच्या आत मत बदललं. साध्या गोळीच्या असाध्य गुणांवर त्यांचं व्याख्यान झालं आणि त्याला अलोट गर्दी लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकोबा नाल्याच्या फाट्यावर बराच वेळ उभा राहिला. डावीकडं मडकी होती. उजवीकडं कोठारापुढची रांग. रात्रभर पाडसू कण्हत होतं, ते त्याच्या कानात होतं. एकदा तो डावीकडं चार पावलं गेलासुद्धा. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "साठा संपत आलाय."

भिकोबा वळला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानं दोन डबे घेतले.

त्या तरसाला तीन भाऊ होते, बाळांनो. त्यांच्याकडं पिस्तुलं नव्हती, त्यामुळं कुठली गोळी चांगली यावर त्यांचं काही मत नव्हतं. ते आपले रोज उठून नुसते शिकारीला जायचे.

तात्पर्य : सरावानं फार तर नेम सुधारतो. गोळीच्या अभ्यासानं मत तयार होतं. आणि शेजारीण नेमबाज असेल, तर नुसत्या मतावरही आयुष्य सुखानं काढता येतं.