बुचांचं पायपुसणं

"पायपुसणं विकत आणायचं? माझ्या घरात?" नाना गरजले. "अगं, मी बुचांचं करतो! बघणारे बघत राहतील!"

नानांनी जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवू लागले, आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू त्यांच्या तडाख्यातून सुटली नव्हती. मासिकात वाईनच्या बुचांचं पायपुसणं दिसलं आणि गडी पेटलाच! मुलीचं लग्न ठरलेलं, होणाऱ्या विहीणबाई पहिल्यांदाच घरी येणार. त्याआधी पायपुसणं व्हायलाच हवं! अडचण एकच. नवरा-बायकोनं जन्मात वाईन चाखली नव्हती.

नानांनी दुकानातून बाटली आणली आणि पहिलं बूच निघालं. नाना बाटली मोरीत ओतणार, तोच बायकोनं हात धरला.

"अहो, ओतताय काय? जीभ तरी लावून बघू."

लावली. दोघांची तोंडं काढा प्यायल्यासारखी झाली! तिसऱ्या बाटलीला बायको म्हणाली, "ही जरा बरी आहे हो." पुढे पुढे तर ती डोळे मिटून सांगायला लागली, "आधी जांभूळ, मग मिरी, आणि शेवटी... भिजलेलं लाकूड!" नानांना लाकूड काही सापडेना. ते शोधायला आणखी अर्धा पेला लागला.

एकदा वाईनचा दुकानदार म्हणाला, "नाना, हल्ली चांगल्या मालालाही बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं. ही नेऊन बघा."

"झाकण? छे! मला बूचच लागतं!"

"वा! खरे दर्दी!" दुकानदारानं हात जोडले.

घरी बायको मात्र उखडली. "आणायची की झाकणाची! चव काय झाकणात असते?"

"आणि पायपुसणं?"

"कुठलं पायपुसणं?"

तरी नानांनी ते तडीस नेलं. शोभा यावी म्हणून बुचांची लाल टोकं वर करून चिकटवली. मुलगी मात्र मागेच लागली. "बाबा, त्या बाटल्या लपवा! त्याची आई फार कडक आहे. नुसता वास आला तरी लग्न मोडेल माझं!"

बाटल्या माळ्यावर गेल्या. विहीणबाई आल्या, पाय धुतले, ओल्या पायांनी पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. आणि तिथून थेट सोफ्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर जांभळी पावलं उमटली!

"बीट!" नाना ओरडले.

"जांभळं!" बायको.

"नवा रंग!" मुलगी. तिला तर रडूच फुटलं.

विहीणबाईंनी वळून पावलांकडे पाहिलं. मग परत जाऊन पायपुसणं उचललं, नाकाशी नेलं. नानांनी डोळे गच्च मिटून घेतले. गेलं लग्न!

"बुचं लाल वाईनची वापरलीत होय?" विहीणबाई म्हणाल्या. "इथंच चुकलात हो नाना! नेहमी पांढरीची घ्यावीत, डाग पडत नाहीत. आमचं सध्या तिसरं पायपुसणं चाललंय!"