नवव्या कार्डावरचं नाव

शुक्रवारपर्यंत मुलीचं नाव नोंदवलं नाही तर पुन्हा नव्यानं अर्ज, नवे दाखले आणि नवी रांग, असं नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं बजावलं होतं. अर्ज मात्र आठवडाभर बापाच्या शर्टाच्या खिशात घडी घालून बसला होता. सगळे रकाने भरलेले, एकच मोकळा.

"तीन अक्षरं आहेत," बायको म्हणाली. "ल, व्हा, ळी. तू लिही, मी पोरीला धरते."

"लिहितो ना. पेन नीट चालत नाहीये."

"घरात चार पेनं आहेत."

"आईलाही एकदा विचारायला हवं."

सासूबाई दारातच उभ्या होत्या, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही. "मी काय बोलणार? माझं ऐकतंय कोण. शुभ्रा ठेवा म्हटलं. कसं स्वच्छ वाटतं. लव्हाळी म्हटलं की मला नुसतं ओलं गवत दिसतं. पायाला चिखल लागल्यासारखं होतं."

"आई, या इमारतीत तीन शुभ्रा आहेत. खालून हाक मारली की तीन खिडक्या उघडतात," बायको म्हणाली.

"उघडू देत. एकटीची शोभा तरी होत नाही."

बायको गाडी चालवायला शिकवायची. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असे, आणि समोरून ट्रक येताना शिकाऊ माणसानं डोळे मिटून घेतले तरी तिचा आवाज चढत नसे. आताही चढला नाही. "नाव ठरलंय," एवढंच म्हणून ती पोरीचा लंगोट बदलायला गेली.

नाव काही तिनं पुस्तकातून काढलं नव्हतं. बाळंतपणाआधी दोन महिने तिला रुग्णालयात पाठ टेकून पडावं लागलं होतं. खिडकीखाली ओढा होता. वरच्या अंगाला धरणाचं दार उघडलं की पाणी काठावरच्या लव्हाळ्यांच्या डोक्यावरून जाई. बाजूचा लाकडी पूल एकदा त्या पाण्यानं नेला. लव्हाळी मात्र पाणी ओसरलं की चिखल झटकून पुन्हा उभी. मग पोर जन्मली, दिवस भरायच्या आधी, वजन दीड किलो. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टर रोज सकाळी तोंड पाडून येत आणि पोर रोज सकाळी पाय झाडत असे. देवाची दया म्हणा, पोरीचा हट्ट म्हणा. दोन्ही एकाच घरचं. विसाव्या दिवशी तिला कुशीत घेताना आईच्या तोंडून जे नाव निघालं, ते हे.

बापालाही ते आवडलं होतं. अडचण आवडण्याची नव्हती. त्याचं स्वतःचं नाव त्याच्या आजोबांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, आणि शाळेत हजेरीला ते उच्चारलं गेलं की अख्खा वर्ग पोट धरून हसायचा. दहा वर्षं हसला. ऑफिसात सगळे त्याला 'टिपणवाला' म्हणत, यातच त्याला सुख होतं. आपणही तेच म्हणू.

टिपणवाल्याचं ऑफिस नावं तपासायचं. कुणी साबण काढतो, कुणी बिस्किट. बाजारात आणण्याआधी चार-पाच नावं इथे पाठवतो. ऑफिस अनोळखी माणसं बोलावतं, एकेकाला खुर्चीत बसवतं आणि नावाचं कार्ड तीन सेकंद समोर धरतं. मनात पहिलं काय आलं ते त्यानं बोलायचं आणि टिपणवाल्यानं लिहून घ्यायचं. कार्डं नऊ. आठ गिऱ्हाइकांची आणि नववं भरतीचं, म्हणजे कुणाचंच नाही. खऱ्या नावांचा अंदाज येऊ नये म्हणून मध्येच सरकवायचं. त्यावर काय लिहायचं हे टिपणवाल्यावर सोपवलेलं असे आणि त्याची उत्तरं कुणी वाचत नसे.

सोमवारी त्यानं नवव्या कार्डावर 'लव्हाळी' लिहिलं.

त्याचा हिशोब साधा होता. लोक हसले नाहीत तर अर्ज भरायचा. हसले तर बायकोला आकडे दाखवायचे. आकड्यांपुढे माणूस नरमतं असा त्याचा समज होता. लग्नाला सहा वर्षं होऊनही तो टिकून होता, हे विशेष.

चाळीस माणसं खुर्चीत बसून गेली. नऊ जणांना केसांचं तेल आठवलं. सहांना झाडू. एकाला खोकल्याचं औषध, "ते कडू असतं ते." एक बाई म्हणाली, "माझी आत्या, पण तिचं नाव हे नव्हतं." उरलेल्या तेवीस जणांना पाणी, ओलावा, हिरवं, थंड, स्वच्छ असं काय काय वाटलं. हसलं कुणीच नाही. टिपणवाल्याला हायसं वाटलं. तो संध्याकाळी घरी जाऊन अर्ज भरणारच होता, पण त्याआधी टंकलेखक बाईनं मन लावून काम केलं आणि अहवालात आठऐवजी नऊही ओळी उतरवल्या.

मंगळवारी फरशी पुसायच्या द्रावणाचा कारखानदार तो अहवाल घेऊन मॅडमच्या खोलीत आला. मॅडम म्हणजे ऑफिसच्या प्रमुख.

"माझी पाचही नावं रद्द," तो म्हणाला. "हे नववं द्या. पाणी, हिरवं, थंड, स्वच्छ. माझ्या बाटलीत दुसरं काय आहे?"

"हे कुणाचं आहे?" मॅडमनी टिपणवाल्याला विचारलं.

"कुणाचंच नाही," टिपणवाला म्हणाला. सवयीचं उत्तर होतं. तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना.

बुधवारी लेबलं चिकटवून पन्नास नमुन्याच्या बाटल्या पन्नास घरी गेल्या. ऑफिसचा एक जुना रिवाज होता: नमुना निघाला की एकेक बाटली कर्मचाऱ्यांच्या घरीही जायची. रिवाज पाळला गेला.

"सूनबाई, हे बघ काय आलंय," सासूबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "फरशीचं. फुकट. आणि नाव वाच. म्हटलं नव्हतं मी, चिखल आठवतो?"

सुनेनं वाचलं. 'लव्हाळी. एक झाकण, घर लखलखीत.' मग बाटली फिरवून मागचं बारीक अक्षरही वाचलं: 'लहान मुलांपासून दूर ठेवावे.' लव्हाळी तिच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती.

टिपणवाला घरी आला तेव्हा बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध होती. त्यानं चपला काढल्या आणि सगळं सांगितलं. खोटं बोलायला लागतो तेवढा दम त्याच्यात उरलाच नव्हता.

"म्हणजे आपल्या मुलीला तू साबणाच्या रांगेत बसवलंस," बायको म्हणाली.

"भरतीचं कार्ड होतं गं. ते कुणी वाचत नाही."

"म्हणजे ती भरतीची."

त्यानं बाटली लेबल भिंतीकडे करून ठेवली.

"मग शुभ्राच ठेवू या का?" तो म्हणाला. "पन्नास बाटल्या गेल्या. उद्या शाळेत पोरं तिला 'एक झाकण' म्हणतील. तुला नाही माहीत ते काय असतं."

"तुला माहीत आहे ना? मग तू तिला शिकव, कसं उभं राहायचं ते. आपण आधी ठेवलंय. त्यांनी बदलावं."

"माझ्या हातात काही नाही. उद्या दुसरी फेरी आहे. पन्नास घरचे पन्नास लोक येणार, ते काय बोलतील त्यावर ठरणार."

"आत बोलावेपर्यंत ते कुठे बसतात?"

"बाहेर. बाकांवर."

"किती वेळ?"

"अर्धा तास. कधी पाऊण."

"बरं," बायको म्हणाली आणि उद्याच्या चारही शिकाऊंना फोन करून सुट्टी दिली. शिकाऊंनी मनातल्या मनात तिचे आभार मानले असावेत.

गुरुवारी सकाळी नऊला ती बाकाच्या मधोमध जाऊन बसली. मांडीवर लव्हाळी. शेजारी सासूबाई, मांडीवर लंगोटांची पिशवी. "मला हे पसंत नाही," असं त्यांनी घरापासून तीनदा सांगितलं होतं, पण पोरीला उन्हातून नेणार म्हटल्यावर छत्री घेऊन आधी त्याच निघाल्या होत्या.

माणसं येत गेली. तान्ह्या पोरीकडे बघून न बोलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. "नाव काय हिचं?" असं कुणीतरी विचारलं, आणि तिनं सांगायला सुरुवात केली. ओढा सांगितला, वाहून गेलेला पूल सांगितला, दीड किलो सांगितलं, एकोणीस दिवस एकेक करून सांगितले. कीर्तनच जणू. टाळ नव्हते, पेटी होती ती काचेची. पण बाकावरच्या माना डोलायला लागल्या, आणि एका निवृत्त पोस्टमननं तर मधेच चष्मा काढून पुसला. सासूबाईंनी मुळीच पसंत नसताना दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. "अकराव्या दिवशी नाही, बाराव्या. त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मी होते."

आत टिपणवाला कार्ड धरून बसला होता. बाहेर काय चाललंय ते त्याला दार उघडलं की ऐकू येत होतं.

"तीन सेकंद बघा आणि पहिलं मनात येईल ते सांगा."

"मूठ," पोस्टमन म्हणाला. "इवलीशी. माझं बोट सोडेना."

त्यानं लिहिलं, मूठ.

पुढची बाई: "दीड किलो."

"काय दीड किलो?"

"जन्मली तेव्हा. आता साडेचार आहे."

त्यापुढचा, जांभई. त्यापुढचा, काचेची पेटी. मग एक दांडग्या आवाजाची नर्स आली. तिनं पिशवीतून कालची बाटली काढून टेबलावर ठेवली, सील न तोडलेली. "हे मी फरशीवर ओतायचं? तुमच्या घरी लेकीबाळी नाहीत का?"

"आहे," टिपणवाला म्हणाला. "एक."

दुपारपर्यंत बत्तीस कागद झाले. मॅडम कागद चाळत आल्या, मागे कारखानदार. "हे काय आहे? द्रावणाला बाळाचा वास येतोय का? आणि बाहेर एवढी गर्दी कसली? कोण बसलंय बाहेर?"

नियम त्याला पाठ होता: उत्तर देणाऱ्यावर कुणी प्रभाव टाकला तर फेरी रद्द, आणि टिपणवाल्याची खुर्चीही. "ओळखत नाही" म्हटलं असतं तर भागलं असतं. तो उभा राहिला.

"माझी बायको, माझी आई," तो म्हणाला, "आणि लव्हाळी."

मोठ्यानं, परक्यांसमोर, त्यानं ते नाव पहिल्यांदाच घेतलं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी, त्याच्या लक्षात आलं, तो बसला नसता.

कारखानदार तरातरा बाहेर गेला. "बाई, नाव काय कुणाच्या बापाचं असतं?"

"नाही ना," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल ठेवा. मी उद्याही इथेच बसेन. बाटली ज्या दुकानात जाईल त्या दुकानात बसेन. माझ्याकडे गाडी आहे, आणि ही कुठेही झोपते."

"तुम्ही मला धमकी देताय."

"छे. जरा धरता का हिला? पिशवी आवरते."

तो नको म्हणायच्या आत पोर त्याच्या हातात होती. त्यानं तिला कोपरात नीट घेतलं, मानेखाली हात दिला. दोन मुलांचा बाप असावा. लव्हाळीनं त्याचा टाय पकडून तोंडात घातला.

"आता म्हणा बरं," ती म्हणाली, "एक झाकण, घर लखलखीत."

कारखानदारानं तोंड उघडलं. बाकावरची उरलेली अठरा माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि अजून घरी न गेलेली नर्स सगळ्यांच्या पुढे. त्यानं तोंड मिटलं.

"पण सोमवारी लेबलं छापायची आहेत हो," तो अगदी हळू म्हणाला. "मी नाव कुठून आणू?"

"शुभ्रा ठेवा," सासूबाई लंगोटाची घडी घालता घालता म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय. कसं स्वच्छ वाटतं. पण माझं ऐकतंय कोण."

तीन सेकंद गेले. मॅडमनी खिशातून पेन काढलं. टिपणवाल्याला त्यांनी एक शब्दही सुनावला नाही. फक्त नवव्या कार्डांचा गठ्ठा त्याच्याकडून काढून घेऊन टंकलेखक बाईकडे दिला.

शुक्रवारी तिघंही नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभी होती, चौथी खांद्यावर. कारकुनानं अर्ज घेतला आणि वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं. त्याच्या मिशीखाली हसू हललं. मागे रांगेतही कुणीतरी खुसखुसलं.

"हो, मीच," बाप म्हणाला. "पुढचं वाचा."

"लव्हाळी?" कारकून थांबला. "अहो, असं नाव कुणी ठेवतं का? सही करायच्या आधी अजून वेळ आहे. छानसं काहीतरी लिहा. शुभ्रा वगैरे."

बायकोनं उत्तर द्यायला श्वास घेतला, पण सासूबाई छत्री टेकत पुढे सरसावल्या.

"शुभ्रा?" त्या म्हणाल्या. "ते आम्ही फरशी पुसायला दिलं. तुम्ही लव्हाळी लिहा."