पुण्यातले दोन नातेवाईक

कार्डाच्या अर्जात ‘पुण्यातले दोन जवळचे नातेवाईक, त्यांचं नातं आणि मोबाइल नंबर’ असा एक रकाना होता आणि अभिनव वाघमारेचं पुण्यात कोणीच नव्हतं. आईवडील, बहीण, चार काका असा सगळा गोतावळा तिकडे अहमदपूरला. तो कर्वेनगरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटा राहून एम.कॉम. करत होता आणि संध्याकाळी कोथरूडच्या एका क्लासमध्ये आठवी-नववीचे पेपर तपासून महिन्याला आठ हजार मिळवत होता. त्या आठ हजारांच्या भरवशावर कॉलेजच्या गेटबाहेर छत्री लावून बसलेल्या माणसाने त्याला क्रेडिट कार्ड देऊ केलं होतं. वर एक सॅक फुकट.

रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो, असं छत्रीवाला म्हणाला. कोणीतरी असेलच की, असंही म्हणाला. अडीच वर्षं पुण्यात राहून आपल्याला दोन नावं सुचत नाहीत, ही काही अनोळखी माणसाला सांगायची गोष्ट नव्हती. अभिनवने मोबाइल खालपासून वरपर्यंत चाळला. एक नंबर होता सोजरबाईंचा. त्यांच्या मेसमधून त्याला डबा यायचा आणि सगळं कर्वेनगर त्यांना मावशी म्हणायचं. दुसरा होता सोसायटीचे वॉचमन बापूराव यांचा. पार्सल आलं की तेवढा त्यांचा फोन यायचा, त्यांना सगळे मामा म्हणायचे. अभिनवने नात्याच्या रकान्यात ‘मावशी’ आणि ‘मामा’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि सॅक पाठीला लावून घरी गेला.

पोरगा उधळा असता तर पुढचं सांगायला सोपं गेलं असतं. पण त्याच्याकडे बुटांचा एकच जोड होता. कार्ड वापरलं गेलं ते वर्गातल्या मुलांबरोबर. कॅफेत बिल आलं की कोणीतरी म्हणायचं, “अभ्या, तू स्वाइप कर ना, आम्ही आपापली काँट्री पाठवतो.” वाटणीची ही काँट्री काही यायची नाही आणि अभिनव मागायचा नाही. मागितली तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, ही धास्ती. कार्ड येण्याआधी त्याला कोणी बोलावत नव्हतं आणि कार्ड आल्यापासून बोलावतात, एवढा हिशेब कॉमर्सच्या मुलाला कळत होता. तरी तो जायचा. टेबलाभोवती आठजण हसत असले की त्यातलं थोडं हसू आपल्याही वाट्याचं आहे असं त्याला वाटायचं.

बिलावर बँक मोठ्या मनाने लिहायची की सगळे भरू नका, निदान एवढे तरी भरा. अभिनव तेवढेच भरायचा आणि झोपायचा. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतं, हे त्याने परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत त्याच्या ते लक्षात आलं नाही. आकडा छत्तीस हजारांवर गेला. त्यात क्लासच्या मालकांनी दोन महिने पगार लांबवला आणि ते ‘एवढे तरी’ भरणंही चुकलं. अनोळखी नंबर दिसला की अभिनव फोन उलटा ठेवू लागला. बाबांना कळलं तर ते रागावणार नाहीत, नुसते गप्प होतील आणि पुढच्या गाडीने येऊन त्याला घरी घेऊन जातील, हे त्याला पक्कं माहीत होतं. पुण्यात त्याचं काही नव्हतं, पण हरून परत जायचं नव्हतं.

तो फोन उचलत नाही म्हटल्यावर बँकेच्या वसुलीवाल्याने, त्याचं नाव संतोष, अर्ज उघडला आणि मावशीला फोन लावला.

सोजरबाई तेव्हा ऐंशी पोळ्यांची कणीक मळत होत्या. तुमच्या भाच्याने छत्तीस हजार थकवलेत, असं ऐकल्यावर त्यांनी आधी आपल्या तिन्ही बहिणींना फोन करून कोणाच्या पोराने हे दिवे लावले त्याची चौकशी केली. तिघींकडे रडारड झाली, एकीने तर पोराला दोन थपडाही दिल्या. मग संतोषचा पुन्हा फोन आला आणि त्याने नाव सांगितलं तेव्हा उलगडा झाला. “वाघमारे व्हय? दोन नंबर मजला, बिनकांद्याची भाजी. त्याच्या मामाला इचारा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मामा म्हणजे गेटवरचे, हे सगळ्या कर्वेनगरला कळलं असतं. पण संतोष हडपसरचा होता.

त्याने बापूरावांना फोन करून सांगितलं, की अभिनव वाघमारेच्या थकबाकीचं तुमच्या बहिणीने, सोजरबाईंनी, तुमच्याकडे विचारायला सांगितलंय. बापूराव लोणी काळभोरचे, चार भावांत वाढलेले. मला बहीण नाही, असं ते म्हणाले. संतोषने त्यांना शांतपणे समजावलं की मुलाची मावशी आणि मुलाचा मामा म्हणजे तुम्ही बहीणभाऊच झालात, कागदावर तसं स्पष्ट आहे. बापूरावांना कागदाचा फार आदर. आपल्या वडिलांविषयी नसत्या शंका घेत त्यांनी दुपार काढली आणि संध्याकाळी डब्याच्या पिशवीवरचा पत्ता बघून ते मेसवर गेले.

सातच्या सुमाराला अभिनवच्या दाराची कडी वाजली. दारात दोघे उभे होते. खोलीत एकच खुर्ची होती, ती बापूरावांनी घेतली. सोजरबाई कॉटवर बसल्या आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

“मी तुझी मावशी कवापासून झाले रं?” त्यांनी विचारलं.

अभिनवने मान खाली घालून सगळं सांगितलं. अर्ज, सॅक, कॅफे, काँट्री. त्यांची माफी मागितली. फक्त बाबांना कळवू नका म्हणाला. पुण्यात दुसरं कोणाचं नाव का नाही दिलंस, असं सोजरबाईंनी विचारलं.

उत्तर बापूरावांनी दिलं. त्यांनी काखेत गेटवरचं रजिस्टर आणलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ आणि कोणाकडे जायचंय ते त्यात लिहून घेतल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत, सोसायटीच्या चेअरमनच्या जावयालाही नाही.

“ह्याच्याकडं येणारी पोरं कोण, ती धरावी म्हणून बसून समदं चाळलं,” ते सोजरबाईंना म्हणाले. “ह्या रजिस्टरातल्या चौदा महिन्यांत ह्याच्याकडं एकच माणूस आलाय. त्यो बी गॅसवाला, चुकून आल्याला.”

अभिनवला रडू आलं आणि ते लपवायला तो चहा ठेवायला उठला. कप एकच होता. बापूरावांनी स्टीलच्या पेल्यातून घेतला आणि सोजरबाईंनी डब्याच्या झाकणातून.

मग मात्र त्या दोघांनी नातं अंगावर घेतलं. सोजरबाईंनी कार्ड ताब्यात घेऊन मेसमधल्या खड्या मिठाच्या बरणीत तळाशी पुरलं. डब्याच्या तीन हजारांच्या बदल्यात अभिनवने रोज सकाळी त्यांच्या ऑर्डरी लिहून घ्यायच्या आणि डब्यांवर नावं चिकटवायची असं ठरलं. संतोषला फोन लावून त्यांनी एवढ्या रकमेचे कमी व्याजाचे बारा हप्ते बांधून घेतले. बोलता बोलता संतोष जेवतो कुठे तेही विचारून घेतलं. बापूरावांनी अभिनवला समोर बसवून आठही जणांना काँट्रीचे मेसेज करायला लावले. सहाजणांनी वाचून सोडून दिले. एकाने हसरा चेहरा पाठवला. उत्कर्षा नावाच्या मुलीने मात्र तासाभरात सहाशे चाळीस रुपये पाठवले आणि लिहिलं, “सॉरी यार. तू कधी मागितलेच नाहीस, आम्हाला वाटलं तुझे बाबा बिल्डर आहेत.” त्याचे बाबा तहसील कचेरीत क्लार्क होते.

त्या दिवसापासून कॅफेचं बोलावणं बंद झालं. त्याऐवजी दर महिन्याच्या पाच तारखेला, संध्याकाळी सात वाजता, मामा आणि मावशी हप्ता भरल्याचा मेसेज डोळ्यांनी बघायला यायचे. बापूराव स्वतःच्याच रजिस्टरात स्वतःचं नाव लिहून वर यायचे. सोजरबाई बिनकांद्याचं काहीतरी आणायच्या आणि कांदा न खाणाऱ्या माणसाचं कसं व्हायचं यावर बोलायच्या. अभिनवने आणखी दोन कप घेतले, रोख पैसे देऊन. पाच तारीख जवळ आली की तो खोली झाडून काढायचा. हप्त्यांची वाट बघणारा कर्जदार बँकेनेही पाहिला नसेल.

बारावा हप्ता भरला तेव्हा सोजरबाईंनी शिरा केला, बापूरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघे मोकळे होऊन गेले. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेलाही अभिनवने सवयीने खोली झाडली. सात वाजले, साडेसात झाले. त्याने गॅलरीतून खाली पाहिलं तर बापूराव गेटवर एका पार्सलवाल्याशी हुज्जत घालत होते. मेसमध्ये ही गिऱ्हाइकांची वेळ. त्यांचंही बरोबर होतं, आता बघायचं काय उरलं होतं? तीन कप धुतलेले होते. बाराऐवजी अठरा हप्ते मागितले असते तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. सवयीने त्याने तो उलटा ठेवला, मग आठवलं की आता आपण कोणाचं देणं लागत नाही, आणि उचलला. एका फायनान्स कंपनीतून कोणी पायलमॅडम बोलत होत्या. सोजरबाई शिंदे यांनी मेससाठी पोळ्यांचं मशीन घ्यायला कर्ज मागितलं होतं आणि नातेवाइकांच्या रकान्यात दोन नावं दिली होती.

“तुम्ही त्यांचे भाचे ना?” पायलमॅडमनी विचारलं. “आणि बापूराव त्यांचे भाऊ?”

सोजरबाईंनी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. अभिनव कॉटवर बसला.

“हो,” तो शेवटी म्हणाला. “मामा माझे.”

म्हणजे कुटुंब सगळं पुण्यातच आहे, असं त्या लिहून घेत म्हणाल्या. अभिनव हो म्हणाला. मग त्यांनी नियमाप्रमाणे कल्पना दिली, की हप्ता चुकला तर फोन तुम्हाला येईल.

“अवश्य करा,” अभिनव म्हणाला. “आमच्यात हप्ता चुकला की सगळे घरी जाऊन बसतात. आणि मॅडम, तारीख कितीची आहे?”

तारीख पाच होती.